कोंबड्यांचं खाणं

लग्न होऊन मी तळवलीत आले, त्या पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी माझ्या स्वयंपाकाचा निकाल लावून टाकला. माहेरच्या आठवणीने मी ज्वारीच्या कण्या शिजवल्या होत्या, वर ताक, बाजूला लसणाची चटणी. आमच्या सांगलीकडे हे आजाऱ्यालाही चालतं आणि धडधाकटालाही. बाबांनी एक घास घेतला, ताट जरासं लांब सरकवलं आणि सासूबाईंकडे बघून म्हणाले, "आपुन हे कोंबऱ्याना घालतो ना गो?"

सगळं घर हसलं. माझा नवरा मिथुन तर सगळ्यात जास्त. मी वाशीला बँकेत काउंटरवर बसते, दिवसभर लोकांचं काहीबाही ऐकून घेते, पण ते वाक्य मला लागलं ते लागलंच. आई तेवढ्या हसल्या नाहीत. सगळे उठल्यावर त्यांनी पातेल्यातल्या उरलेल्या कण्या वाटीत काढून घेतल्या आणि भिंतीला टेकून खाऊन टाकल्या. "अन्न हाय," एवढंच म्हणाल्या.

आईंचं नाव पुतळा, बाबांचं शिवा. या दोघांचं लग्न झालं तेव्हा घराच्या चहूबाजूंनी भातखाचरं होती आणि पलीकडे खाडी. पुढे जमीन नव्या शहरात गेली, खाचरांवर रस्ते आणि सोसायट्या आल्या, घरावर तीन मजले चढले, तळाला पिठाची गिरणी आली, पहिल्या मजल्यावर घरचे राहिले आणि वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू आले. बाबांना काम उरलं नाही. सकाळी खाडीकडे जायचं, ताजं काय आलंय ते बघायचं आणि पिशवी भरून घरी यायचं, हाच त्यांचा धंदा. पिशवी ओट्यावर ठेवली की आई विचारायच्या, "काय करू?" बाबा सांगायचे. जेवायला बसल्यावर पहिल्या घासानंतर बाबा म्हणायचे, "मीठ बरोबर हाय." मग आई स्वतःचं ताट वाढून घ्यायच्या.

त्या दोघांच्यात याहून वेगळं बोलणं मी ऐकलं नाही. सुरुवातीला मला ते कोरडं वाटायचं. आम्ही नवराबायको दिवसभर मोबाइलवर काय काय बोलतो, बदाम काय पाठवतो, आणि हे दोघं आयुष्यभर मिठावर भागवतात. पण हळूहळू लक्षात आलं की त्या एका वाक्यासाठी आई पहाटेपासून राबतात आणि ते वाक्य येईपर्यंत त्यांचं कशात लक्ष लागत नाही. भांडण असो, सुतक असो, जमिनीच्या तारखा असोत, ते वाक्य कधी चुकलं नव्हतं.

घरात आणखी एक रीत होती. माणूस मोठ्या कामाला निघाला की त्याने आपल्या सगळ्यात आवडीचं खाऊन निघायचं. बाबा कोर्टात निघाले की खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण. मिथुनचा बारावीचा पेपर, चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा रस्सा. माझी बढतीची मुलाखत होती तेव्हा आईंनी शेजारच्या सोसायटीतल्या कुणा बाईकडून पुरणपोळी शिकून घेतली. पोळी फाटली होती, पुरण बाहेर आलं होतं. मुलाखतीत मी पास झाले, आणि आईंनी त्याचं सगळं श्रेय पुरणाला दिलं. मीही वाद घातला नाही.

गेल्या दिवाळीनंतर बाबांच्या मानेला गाठी आल्या. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला, कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, हा औषधाला ऐकणारा आहे, केमो घ्या, माणूस बरा होतो. मिथुन खुर्चीत बसल्या बसल्या रडला. आईंनी फक्त विचारलं, "कवा जावाचा?" तारीख कळली तशा त्या घरी येऊन थेट फ्रीजरमधलं मटण काढून शेजारी देऊन आल्या, माशांना जागा करायला.

हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं की आहारतज्ज्ञ मॅडमना भेटून घ्या, फी वेगळी नाही. आईंनी ते उडवून लावलं. "जेवन शिकवाला पगारी बाई? मंग मी इतकी वर्सा काय केला?" बाबाही हसले. त्यांना त्या बोलण्याचा अभिमानच वाटला असणार.

पहिल्या केमोच्या सकाळी जिताडा. शकुबाई कोळणीला आधीपासून सांगून ठेवलेला, चांगला हातभर लांब. बाबा तांदळाच्या दोन भाकऱ्या खाऊन निघाले आणि वर डबाही नेला. सलाईन लागलेलं असताना बाजूच्या पेशंटलाही तुकडा दिला, नर्सला दिला, पुतळाच्या हातचं आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी घरी आले आणि ओकायला लागले. आतडी बाहेर येतात की काय असं वाटलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे कुणी घाबरलं नाही.

आठवड्याभराने बरं वाटलं, तोंडाला चव आली, तेव्हा आईंनी पुन्हा जिताडा केला. बाबांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, नाकाशी आणला आणि परत ठेवला. "याला वास मारते."

मासा शिळा, असं आईंनी ठरवलं. शकुबाईंना दारात उभं करून असं बोलल्या की वरचे भाडेकरू जिन्यात येऊन उभे राहिले. शकुबाईंनी देवाची शपथ घेतली, टोपलीतला दुसरा मासा गालफडं उघडून दाखवला. खरंतर तो मासा माझ्यासारख्या शाकाहारी बाईलाही ताजा दिसत होता. त्या दिवसापासून शकुबाई आमच्या दारावरून जाताना ओरडत नाहीत.

दुसऱ्या केमोला चिंबोऱ्या. तिसऱ्याला निवट्या, त्या खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या. बाबा लहानपणी हाताने पकडायचे. नंतर वालाचं बिरडं, नंतर सुकट. दर वेळी आई आदल्या दिवशी बसून विचार करायच्या की आता याच्या खालोखाल त्यांना काय आवडतं. दर वेळी बाबा मनापासून खाऊन निघायचे, संध्याकाळी ओकायचे, आणि आठवड्याने तो पदार्थ समोर आला की मान फिरवायचे. एकेक करून सगळं गेलं. आई जीव तोडून वाढत होत्या आणि त्यांच्याच हाताने बाबांचं ताट रिकामं होत होतं. तेव्हा ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही. औषध कडक आहे, असंच सगळे म्हणत होतो.

मग मसाला गेला. उन्हाळ्यात कुटून ठेवलेली बरणी उघडली तरी बाबा उशीत तोंड खुपसायचे. बरणी वरच्या भाडेकरूंकडे गेली. फोडणी बंद झाली. भाकरी भाजल्याचा वासही नकोसा झाला. आमच्या घरातून, ज्या घराचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, नुसता फिनेलचा वास यायला लागला.

एका दुपारी आई बाबांना पाणी द्यायला गेल्या. मी दारात होते. त्यांनी तांब्या पुढे केला आणि बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"काय झाला?" आईंनी विचारलं.

"तुज्या हाताला वास येते."

"कसला?"

बाबांनी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. मग म्हणाले, "जेवनाचा."

आईंनी तांब्या खाली ठेवला आणि मोरीत गेल्या. लिंबू चोळलं, राख लावली, माझा साबण वापरला, भांड्यांची पावडरसुद्धा लावली. हात लालबुंद होऊन भेगाळले. पण जन्मभर ज्या हातांनी मासे साफ केले, मसाला कालवला, त्यांचा वास साबणाने जातो थोडाच. खरं सांगायचं तर मला कसलाही वास येत नव्हता. तो वास हाताला नव्हताच, बाबांच्या आत कुठेतरी होता, आणि तिथवर साबण पोचणार कसा? त्या आठवड्यात आईंनी आपली गादी उचलून पुढच्या खोलीत आणली. मिथुनने विचारलं तर म्हणाल्या, तिथं पंखा बरा लागतो.

बाबा मिथुनजवळ रडले. "मना ती नको असा नाय रं. माजा पोट ऐकत नाय." आम्ही ते आईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तांदूळ निवडायला बसल्या, जे आता कुणीच खात नव्हतं.

बाबांचं वजन उतरत गेलं. पाणी, बिस्किटं, अर्धी इडली, एवढ्यावर माणूस किती दिवस काढणार? डॉक्टर म्हणाले, आणखी उतरलं तर औषध थांबवावं लागेल, आणि मध्येच थांबवणं चांगलं नाही. तेव्हा कुठे आम्ही त्या आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. आईही आल्या.

सुचित्रा मॅडम वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. कोणत्या दिवशी काय दिलं, हे विचारलं. आईंनी एकही पदार्थ न चुकता सगळं सांगितलं, कसं केलं तेही. मॅडमचा चेहरा हळूहळू उतरला.

"मावशी, घरात चोरी झाली की पोलीस आधी घरात राबणाऱ्यालाच धरतात ना? शरीर तसंच करतं. उलटी औषधाने होते. पण औषध सुईतून शिरतं, त्याला ना चव ना वास. शरीराला आठवतो तो सकाळी खाल्लेला घास. मग ते त्यालाच गुन्हेगार ठरवतं. डोक्याने कितीही समजावलं तरी ऐकत नाही. म्हणून आम्ही सांगतो, त्या दिवशी आवडीचं काही देऊ नका. ज्याच्यावर जीव नाही असं द्या. ते नकोसं झालं तरी बिघडत नाही."

आईंनी विचारलं, "मंग मी त्या दिवशी आवडीचा नसता दिला तं?"

"तर आवड राहिली असती," मॅडम म्हणाल्या.

त्या मुलीने तिथे खोटं बोलायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं. खरं बोलून कुणाचं काय भलं झालं? आईंनी पुढे एवढंच विचारलं की परत कधी खातील. मॅडम म्हणाल्या, काहींचं येतं परत, काहींचं वर्षानुवर्षं येत नाही, आत्ता काही सांगता येत नाही. आत्ता फक्त पोटात जायला हवं. थंड, वास नसलेलं, मसाला नसलेलं, आणि ज्याच्याशी काही आठवण जोडलेली नाही असं काहीतरी शोधा.

मी काही बोलायच्या आत आईच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नंदिनीच्या कन्या हायत. जवारीच्या."

रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या होत्या. घणसोलीचा पूल आला तेव्हा म्हणाल्या, "कराला गेलो गनपती नि झाला मारुती." त्या हे नेहमी माझ्या फसलेल्या पदार्थांना हसून म्हणायच्या. त्या दिवशी मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो ओढून पदराखाली घेतला. हाताला वास येतो, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून येताना एपीएमसीच्या दाणा बाजारातून ज्वारी आणली, गिरणीत भरडून घेतली. कण्या मऊ शिजवल्या, गार केल्या, वर ताक आणि चिमूटभर मीठ. बाबांनी एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. वाटी संपवली. आम्ही सगळे दारात उभे होतो, पोरगं पहिल्यांदा चालताना बघावं तसे.

"आवडल्या?" मी विचारलं.

"आवडाचा काय त्यात. जातात पोटात," बाबा म्हणाले.

मला आधी हसू आलं. ज्या कण्यांना घर हसलं होतं त्या तरल्या, कारण त्यांच्यावर कुणाचा जीव नव्हता. आईंचा जिताडा गेला, कारण त्याच्यावर होता. हा कसला न्याय, हे मला कुणी समजावून सांगावं.

रोज दोन वेळा कण्या. बाबांचं वजन थांबलं, मग थोडं वाढलं. औषध चालू राहिलं. काही दिवसांनी आई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "मना शिकव," म्हणाल्या. चाळीस माणसांचं जेवण एकटीने उरकणारी बाई माझ्याकडून कण्या शिकत होती. किती पाणी, कधी ढवळायचं, ताक कधी. मी म्हटलं, आई, यात काय शिकायचंय. त्या म्हणाल्या, "तुज्या हातची लागली पायजे."

त्या दिवसापासून कण्या आई करायच्या आणि वाटी मी न्यायचे. ठरलं तसं काहीच नव्हतं, पण दोघींनाही कळलं होतं. आई पातेलं माझं वापरायच्या, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायच्या, चमचा पुन्हा धुवायच्या. मी वाटी घेऊन आत गेले की त्या स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्या राहायच्या. एका दुपारी बाबांनी पहिला चमचा घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नंदिनी, आज मीठ बरोबर हाय."

मी दाराकडे बघितलं नाही. बघवलंच नसतं. स्वयंपाकघरात गेले तेव्हा आई ओट्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी काहीतरी उजेड होता. "बोलले ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि नीट जेवल्या.

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण उन्हाळ्यात शेवटचा रिपोर्ट आला आणि तो स्वच्छ होता. गाठी नाहीत. डॉक्टरांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. मिथुनने पेढे वाटले, भावकी येऊन गेली, प्रत्येक बाई आईंना सांगून गेली की तुझ्या हाताने नवरा वाचवलास. आई प्रत्येकीसमोर मान खाली घालून बसल्या होत्या. आणि मला वाटतं, ऐकता ऐकता त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

पाहुणे गेल्यावर त्यांनी ताट काढलं. कण्या, ताक. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "आज मी नेते. आता औशिद संपला."

त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. बाबा पलंगावर बसले होते. आईंनी ताट समोर ठेवलं आणि जरा लाजत म्हणाल्या, "मीच केल्यात. इतके दिवस मीच करते. तुमाला समजला पन नाय."

बाबांनी ताटाकडे बघितलं, आईंच्या हातांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, आणि मी खाली बघितलं. मग ते हसले. खरंच हसले, आणि चमचा उचलला. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. माझ्या आधी आईंच्या लक्षात आलं. बाबा श्वास घेत नव्हते. आपण पोरांना एरंडेल पाजताना नाक दाबायला सांगतो, तसं ते नाक न दाबता करत होते. घास तोंडात, नजर समोरच्या भिंतीवर, मानेच्या शिरा ताठ, गिळायचं आणि मग हळूच श्वास. कपाळावर घाम आला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरी त्यांनी तिसरा घास घेतला, गिळला आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाय."

आईंनी ताट उचललं.

"खातो ना मी," बाबा म्हणाले. "ठेव गो. खातो."

"ऱ्हावू द्या," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, पदराने हात झाकले आणि बाहेर गेल्या. बाबा मोरीपर्यंत पोचले नाहीत, पलंगाशीच ओकले. औषध नव्हतं, गाठी नव्हत्या, रिपोर्ट टेबलावर पडला होता, आणि ते ओकत होते आणि मध्येच मला सांगत होते, "तिला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वरणाचं पाणी आणि भात केला. कण्या पुन्हा नेण्याची माझी हिंमत झाली नाही. बाबांनी वाटीला हात लावण्याआधी विचारलं, "कोनी केला?"

"मी."

"ती कुटं हाय?"

आई पुढच्या खोलीतच होत्या. त्यांनी ऐकलं. चपला पायात सरकवल्या, दाराची कडी वाजेल अशी काढली, आणि जिन्याने खाली गेल्या. "बाहेर गेल्यात," मी म्हटलं. बाबांनी पायऱ्यांवरचा आवाज थांबेपर्यंत वाट बघितली. मग जेवले.

आता तेच चालू आहे. बाबांनी अंग धरलंय, सकाळी खाडीपर्यंत फिरून येतात, रिकाम्या हाताने. लोक त्यांना बघून खूश होतात. जेवणाची वेळ झाली की आई चपला घालतात आणि खाली गिरणीच्या कट्ट्यावर जाऊन बसतात, ऊन असलं तरी. बाबांचं झालं की मी खिडकीत फडकं वाळत घालते. ते दिसलं की त्या वर येतात, माझ्याबरोबर स्वयंपाकघरात बसतात, मी वाढलेलं थोडंसं खातात. त्यांनाही आता कशाचीच चव नाही.

"जेवले?" त्या विचारतात.

"जेवले."

"मिठाचा काय बोलले?"

"बरोबर आहे म्हणाले," मी सांगते.

बाबा आता मिठाचं काहीच बोलत नाहीत.